चार बोटांचा प्ले

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. माझ्या दोन तळहातांवर दोन वॉशर ठेवले आणि म्हणाले, "डोळे मीट. जाड कुठलं?"

मी सकाळपासून सातपुरात घरं शोधत फिरत होते. एकटी बाई, गोंदियाकडची, पॅकिंगला कामाला, शिकलेली सातवीपर्यंत. यातलं एक-एक सांगितलं की एक-एक दार बंद व्हायचं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. वॉशरचं उत्तर नव्हतं. भीतीनेच डोळे मिटले.

"डाव्या हातातलं, जी."

"किती जाड?"

"थोडंसंच, जी. वहीच्या पानाएवढं."

काकांनी खिशातून व्हर्नियर काढला. हे मोजायचं यंत्र त्यांच्या खिशात पेनासारखं असायचं. दोन्ही वॉशर मोजले आणि घरात तोंड घालून ओरडले, "अगं, खोली दिली!"

आतून काकूंनी विचारलं, "कोणाला?"

"बोटांना!"

अशी मी त्या घरात चार वर्षं राहिले. गावापासून एवढ्या लांब मला कोणी घरात घेतलं ते माझ्या बोटांमुळे, हे मी अजून विसरलेली नाही.

काका एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि त्याला टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड, बाजूला ठेवा, नंतर बघू. रिटायर झाल्यावर लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. काका टॅगांचे तीन गठ्ठे घेऊन आले, असं काकू सांगायच्या. घरातली कुठलीही वस्तू या टॅगांमधून सुटायची नाही. भाकरी काठाला जाड आणि मध्ये पातळ निघाली की ताटाच्या कडेला लाल टॅग. काकू तो टॅग उचलायच्या, त्याच्यावर लसणाची सालं गोळा करायच्या आणि दोन्ही बाहेर टाकून द्यायच्या. न्हाणीघराची कडी लागत नव्हती म्हणून तिला लाल टॅग होता. मी राहायला आले तेव्हा तो होता, मी खोली सोडली तेव्हाही होता. कडी बदलणं काकांच्या खात्यात येत नव्हतं.

माझ्या खोलीच्या दाराला पहिल्याच दिवशी पिवळा टॅग लागला. होल्ड. मी घाबरट बाई, रोज कामावरून आल्यावर आधी टॅगचा रंग बघायची आणि मगच कुलूप काढायची. लाल झाला तर सामान कुठे न्यायचं याचा विचार माझा करून झालेला असायचा. एकदा धीर करून विचारलं, "काका, माझा निकाल कधी?" ते म्हणाले, "घाई कसली? होल्डचा माल कोणी फेकत नाही." मधले दोन दिवस सोडले तर तो टॅग चार वर्षं तसाच राहिला. खोली सोडताना मी तो काढून आणला. आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या दाराला लावलाय. अजून निकाल लागलेला नाही, म्हणजे ती खोली अजून माझ्यासाठी ठेवलेली असणार, असं मी धरून चालते.

आता गाडीचं सांगते. काकांची गाडी पांढरी, जुनी, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेली. रंग चांगला, इंजिन चांगलं, सीटवर काकूंनी विणलेली कव्हरं. फक्त स्टेअरिंग फिरवलं की चाकं लगेच वळायची नाहीत. आधी स्टेअरिंग नुसतंच फिरायचं, फुकट, आणि मग चाकांना जाग यायची. या फुकट फिरण्याला प्ले म्हणतात. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे झिजले की तो वाढतो. काका रोज सकाळी आंघोळ करून गाडीत बसायचे, प्ले मोजायचे आणि फाटकाच्या खांबावर खडूने आकडा लिहायचे. दुसऱ्यांच्या खांबावर शुभ-लाभ असतं, आमच्या खांबावर बहात्तर मिलिमीटर होतं. काकूंचं माप वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "चार बोटं."

या प्लेवर काकांनी गाडी चालवायची एक पद्धत बसवली होती. "वळण येण्याआधी गाडीला कळवावं लागतं," ते म्हणायचे. कॉलनीच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं असलं की ते दळणाच्या गिरणीपासूनच स्टेअरिंग फिरवायला घ्यायचे. सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचे हात सारखे डावीकडे-उजवीकडे चाललेले असायचे, दोन हातांनी पीठ चाळावं तसे. गाडी मात्र बऱ्यापैकी सरळ जायची. हे मी नीट सांगून ठेवते, कारण पुढे त्यानेच घोळ झाला.

काकू या गाडीत बसत नव्हत्या. अकरा वर्षं बसल्या नव्हत्या.

झालं होतं असं. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं, यांचं उजवीकडचं. काकांनी गाडीला कळवलं, पण उशिरा कळवलं. मागून ट्रक आला, त्याला चुकवायला स्टेअरिंग डावीकडे घेतलं, आणि गाडी तोरणाखालून सरळ डावीकडच्या कार्यालयात शिरली. तिथल्या लोकांनी गुलाबपाणी शिंपडलं, काकूंच्या हातातला मिक्सरचा खोका प्रेमाने काढून घेतला आणि दोघांना स्टेजवर चढवलं. फोटो निघाला. काका जेवायला बसले. काकूंनी खालच्या आवाजात सांगितलं, "अहो, ही आपली नवरी नाहीये." काका म्हणाले, "माहितीये. पण मठ्ठा पास आहे."

भाचीला मिक्सर नंतर दुसरा घेऊन दिला. पण त्याच संध्याकाळी काकूंनी देवासमोर उभं राहून सांगितलं, "या स्टेअरिंगचं हलणं थांबत नाही तोवर मी या गाडीत बसणार नाही."

तेव्हापासून दोघं कुठेही निघाले की काका गाडीत आणि काकू रिक्षात. रिक्षावाले दादा ठरलेले. मी एकदा काकूंबरोबर रिक्षात होते. मी विचारलं, "काकू, आपण पुढे का नाही जात? ते किती हळू चालवतात."

काकू म्हणाल्या, "काय उरेल ते उचलायला मागे कोणीतरी हवं ना."

तर माझ्या मनात साधा प्रश्न यायचा की एवढा चौतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस झिजलेले सांधे बदलत का नाही? मेकॅनिककडे तर ते जाणार नव्हते. दुसऱ्याने आपल्या गाडीखाली हात घातलेला त्यांना चालत नव्हता. पण स्वतः का नाही?

उत्तर मला त्यांच्या पलंगाखाली सापडलं. काकूंनी दिवाळीच्या साफसफाईला मला हाताशी घेतलं होतं. पलंगाखाली खोके निघाले. एक, दोन, करत सात. प्रत्येकात स्टेअरिंगचे कोरे करकरीत सांधे, तेलकट कागदात गुंडाळलेले. प्रत्येक खोक्याला लाल टॅग.

"हे काय, जी?"

"सवती आहेत माझ्या," काकू म्हणाल्या. "दर वर्ष-दीड वर्षाने एक आणतात, मोजतात आणि रिजेक्ट करून ठेवतात. दुकानदार यांना लांबून बघून शटर अर्धं खाली ओढतो."

काका दारात येऊन उभे राहिले होते. "यांची पिन मिलिमीटरच्या दोन शतांशांनी कमी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "केसाचा तिसरा हिस्सा. असा माल मी गाडीला लावणार नाही."

"आणि गाडीत आत्ता आहे तो?" काकूंनी चार बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. "हे चालतं. केसाएवढं चालत नाही."

काकांनी खोका उचलून परत पलंगाखाली सरकवला. ते गेल्यावर काकूंनी मला खरी गोष्ट सांगितली. "अगं, यांनी आयुष्यात काही बनवलेलं नाही, काही बसवलेलं नाही. फक्त मोजलं. या घरात खिळा मी ठोकते. यांच्या हातात पाना दिला ना, तर पाना मोजतील."

हे असंच चालू राहिलं असतं. पण काकूंच्या भावाने देवळ्याला घर बांधलं. हा त्यांचा एकुलता एक भाऊ. सगळा जन्म कांद्याच्या चाळीशेजारच्या दोन खोल्यांत काढलेला. आता घर झालं, वास्तुशांतीचा रविवार ठरला, आणि म्हाताऱ्याने सगळ्यांना सांगून टाकलं की बहिणीचं पाऊल आधी पडेल, मग बाकीचे आत जातील. तो रोज सकाळी फोन करायचा. मोठ्याने बोलायचा, फाटकापर्यंत ऐकू यायचं. "आक्का, येशी ना? तू येवावर मी घरमा पाय ठेवसू."

काकू येते म्हणायच्या आणि फोन ठेवून गुडघा चोळत बसायच्या. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. रिक्षावाल्या दादांनी कान पकडले, "काकू, माझी रिक्षा वणीच्या पुढे तुम्हालाच ढकलावी लागेल."

मी म्हटलं, "भाड्याने गाडी करा ना, जी. एक दिवसाचा तर प्रश्न."

"दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी गेले तर यांचं नाक जाईल," काकू म्हणाल्या. "आणि यांच्या गाडीतून गेले तर माझी मान जाईल. सांग, काय निवडू?"

मला वाटलं होतं त्या विनोदाने म्हणतायत. पण त्यांनी डोळे पुसले. अकरा वर्षं हा प्रश्न त्या रिक्षात बसून सोडवत होत्या, हे मला तेव्हा समजलं.

त्या संध्याकाळी काका माझ्या दाराशी आले. हातात सातवा खोका. "इन्स्पेक्शन," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारायचे, कारण मी कामाला निघताना कुलूप तीनदा ओढून बघते. आईने त्यासाठी मला लहानपणी मारलं होतं. काकांनी मात्र सांगितलं होतं की अशी माणसं शोधून सापडत नाहीत. "इन्स्पेक्शन, कारखान्यात एक नियम असतो. जो काम करतो त्याने ते पास करायचं नाही. सांधे मी बसवणार. म्हणजे आता ते मी मोजू शकत नाही. तू मोज."

"मी? मी सातवी, जी."

"शिक्षण मी विचारलंय का?"

मी सांधे हातात घेतले. फिरवून पाहिले, हलवून पाहिले, बोटाने चाचपले. घट्ट, गुळगुळीत, कुठे खडखड नाही. काकांनी लाल टॅग काढला आणि हिरवा माझ्यासमोर ठेवला. त्याच्यावर सही करायची होती. शाळा सुटल्यापासून पगाराच्या कागदाशिवाय मी कशावर सही केली नव्हती. मनात येत होतं, केसाचा तो तिसरा हिस्सा घाटात निघाला तर? काकू गाडीत असतील. मी तीनदा मोजलं. मग अर्ध्या तासाने पुन्हा एकदा मोजलं. मग सही केली, आणि सही वाकडी आली म्हणून रडायला लागले.

"सहीला टॉलरन्स असतो, थोडं इकडेतिकडे चालतं," काका म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

काम तीन दिवस चाललं. मी सुट्टी टाकली. गाडीचं तोंड जॅकने उचललं, खाली लाकडी ठोकळे दिले. मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सुरुवात करतो तोच काकांनी तो थांबवला. "याने हात पुसले नाहीत. रिजेक्ट." दुसरा व्हिडिओ. "हा पाना उलटा धरतो." पाचव्याला मी हात जोडले, तेव्हा त्यांनी तो होल्डवर पास केला.

नट निघाला, पण सांधा काही निघेना. इतकी वर्षं एका जागी बसून घट्ट झालेला. बाजूच्या लोखंडावर जोरात हातोडा मारायचा होता. काका मारायचे ते देवळात घंटा वाजवल्यासारखं. टण्. आणि थांबून ऐकायचे. टण्. पुन्हा ऐकायचे. संध्याकाळपर्यंत हेच. शेवटी काकू पाट आणि वरवंटा घेऊन बाहेर आल्या. पाटावर बसल्या, पदर खोचला.

"सरका."

"अगं, डोळ्यांना चष्मा लाव, आणि आधी कोन बघून..."

काकूंनी दोन घाव घातले. सांधा खाली पडला. दुसऱ्या बाजूचाही त्यांनीच पाडला आणि वरवंटा धुऊन चटणी वाटायला गेल्या.

जुना सांधा दांडीवरून पिळून काढताना फेरे मोजायचे असतात, कारण नवा तेवढेच फेरे आत घालावा लागतो. काकांनी मोजले सव्वाएकोणीस. मी मोजले एकोणीस. स्वयंपाकघरातून आवाज आला, "वीस." त्या तिथून मोजत होत्या. यावर अर्धा दिवस गेला. शेवटी काका म्हणाले, "फेऱ्यांवर विश्वास नाही. दोऱ्याने बघू."

म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना सरळ दोरा ताणायचा आणि पुढची चाकं त्या दोऱ्यापासून किती आत-बाहेर वळलीत ते मोजायचं. एवढा लांब दोरा घरात एकच होता, काकूंनी वटपौर्णिमेसाठी आणलेली सुताची गुंडी. शनिवारी सकाळी काकांनी गाडी घरासमोरच्या गल्लीत आणली, चार कोपऱ्यांना चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या आणि गाडीभोवती पांढरा दोरा गुंडाळला. चाकाच्या काळ्या रंगावर खडू दिसेना म्हणून चारी चाकांच्या मध्यावर कुंकवाचं बोट लावलं. जमीन सपाट आहे का बघायला पुढे पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. आणि स्वतः उघड्या अंगाने, धोतर नेसून गाडीखाली गेले. धोतर यासाठी की विजारी सगळ्या तेलाने खराब झाल्या होत्या.

सगळ्यात आधी समोरच्या वहिनी आल्या. त्यांनी चप्पल बाहेर काढली. मग शेजारच्या दोघी हळद-कुंकवाची करंडी घेऊन आल्या. एकीने तांब्यावर नारळ ठेवला. मी "अहो, हे तसं नाही" म्हणेपर्यंत पाच-सहा जणी गाडीला प्रदक्षिणा घालायला लागल्या होत्या.

गाडीखालून काका गरजले, "दोऱ्याला हात लावू नका! एवढासा जरी हलला तरी सगळं फुकट जाईल!"

"बघ, किती कडक असतं," एक जण दुसरीला म्हणाली आणि पदर आवरून लांबून फिरायला लागली.

समोरच्या वहिनींनी ओट्यावर बसलेल्या काकूंना विचारलं, "काकू, कसलं हो व्रत?"

काकू शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अकरा वर्षांचं आहे. आज उद्यापन."

"अगंबाई, अकरा वर्षं! नियम काय असतो?"

"नवऱ्याच्या गाडीत बसायचं नाही."

"आणि फळ?"

"जिवंत आहे ना मी," काकू म्हणाल्या.

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्यांचं ड्रायव्हिंग आठवलं असणार. एकीने तर हे व्रत कुठल्या वारी धरायचं असतं तेही विचारून घेतलं.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या पोटावर अक्षता होत्या. इतक्या बायका बघून ते चक्रावले, पण चेहरा उजळलेला. चाकं सरळ होती. दोन्ही बाजूंचा फरक टॉलरन्समध्ये होता. त्यांनी सगळ्यांसमोर गाडीत बसून प्ले मोजला. मी खांबावर आकडा लिहिला. दोन. काकू उठून आल्या आणि बोट लावून बघितलं, खडू ताजा आहे की कसं. शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा गाडीच्या दाराला हात लावला.

"आधी तुम्ही एक चक्कर मारा," त्या म्हणाल्या. "मी बघते."

दोरा काढला, खुर्च्या उचलल्या, बायका बाजूला झाल्या. काका निघाले.

गाडी उजवीकडे गेली. मग डावीकडे गेली. मग गिरणीपासून वळायला सुरुवात करून गिरणीच्याच पायरीवर चढली. गिरणीवाला पिठासकट बाहेर पळाला. पुन्हा खाली उतरून गाडी सापासारखी नागमोडी करत परत आली. काकूंनी कपाळाला हात लावला, तोंडून माहेरची बोली निघाली. "ही गाडी शे का घोडी?"

स्टेअरिंगमध्ये काही दोष नव्हता. प्ले गेला होता, पण काकांचे हात तेच होते. ते अजून पीठ चाळत होते, अजून आधी कळवत होते. आणि आता गाडी कळवलं की लगेच ऐकत होती.

काका गाडीतून उतरले. कोणाकडे बघितलं नाही. घरात गेले, बंडी चढवून बाहेर आले. हातात लाल टॅग होता. तो त्यांनी स्वतःच्या बंडीच्या गुंडीला बांधला.

"गाडी पास," ते म्हणाले. "ड्रायव्हर रिजेक्ट. तू दुसरी गाडी कर. उद्या घर उघडायचंय तुझ्या भावाला."

चार बोटांच्या प्लेवर एवढी वर्षं हटून बसलेला माणूस दोन मिलिमीटरसमोर हरला होता, आणि त्या मिलिमीटरवर सही माझी होती.

काकू उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जो काम करतो त्याने ते पास करायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

"हो."

"मग स्वतःला रिजेक्ट कसं करता? तेही इन्स्पेक्शनचंच काम आहे. तुमचं नाही."

काकांनी तोंड उघडलं. नियमात कुठे फट आहे का ते शोधत होते. फट नव्हती.

काकूंनी लाल टॅग सोडला. माझ्याकडे हात पुढे केला. मी पळत जाऊन माझ्या दाराचा पिवळा टॅग काढून आणला, घरात गठ्ठा असताना, का कोण जाणे. त्यांनी तो गुंडीला बांधला. "होल्ड. देवळ्यापर्यंत. तिथे बघू." आणि दार उघडून, पाय आधी आत घेऊन, दोन्ही हातांनी चौकट धरून, त्या पुढच्या सीटवर बसल्या. "चला. उद्यासाठी थोडा सराव करू."

दुपारभर आम्ही कारखान्यांच्या सुट्टीच्या मोकळ्या रस्त्यांवर फिरलो. काकांचे हात आधी फिरायला लागले की काकू त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या. "आत्ता कळवू नका. वळण आलं की वळा." संध्याकाळपर्यंत रस्त्यावरचे कुत्रे आम्हाला बघून उठायचे बंद झाले होते.

रविवारी निघालो. मी मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी. पिशवीत ओवा, बँडेज, आधार कार्डाची झेरॉक्स आणि काकूंच्या भावाचा नंबर तीन कागदांवर लिहिलेला. म्हसरूळच्या पुढे मागे वळून बघितलं तर रिक्षावाले दादा रिकामी रिक्षा घेऊन मागून येत होते. काकूंनी काच खाली करून हाताने परत जा म्हणून सांगितलं. त्यांनी रिक्षा थांबवली, पण वळवली नाही. आम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभे होते.

वणी गेलं, कळवण गेलं. काकूंची बोटं मनगटावरून कधी उठली ते मला कळलं नाही. मी काकांच्या हातांकडे बघत होते. ते स्टेअरिंगवर नुसते ठेवलेले होते, हलत नव्हते, आणि रस्ता खालून सरळ जात होता.

नव्या घरासमोर मांडव होता. काकांनी गाडी उंबऱ्यासमोर बरोबर उभी केली. भाऊ उंबऱ्याबाहेर मांडवात, डोक्यावर टोपी, हातात कलश. मागे भटजी, सुना, पोरं, सगळी भावकी. बहिणीचं पाऊल पडायची सगळे वाट बघत होते.

काकू उतरेनात.

मला वाटलं, गुडघा धरला. मी दार उघडून बाहेर आले, त्यांच्या काचेशी गेले. "काकू? काय झालं, जी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पाठ सीटला टेकली होती. स्वतः विणलेल्या कव्हरवरून तळहात फिरवत होत्या. "थांबा जरा. अकरा वर्षांनी निवांत बसलेय."

भटजींनी मुहूर्त चाललाय म्हणून हात हलवला. भाऊ उंबऱ्यापासून ओरडला, "आक्का, उतर ना!" काकूंनी त्याला हातानेच थांब म्हणून खूण केली. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, मग दोन्ही हात परत स्टेअरिंगवर ठेवून तेही बसून राहिले. बंडीवरचा पिवळा टॅग वाऱ्याने हलत होता. तो त्यांनी एका बोटाने धरून ठेवला.